हिला आवाज नसतो

मला गाडी चालवता येत नाही. शिकायचं राहून गेलं, आणि आता पंचेचाळिशी उलटल्यावर मुलुंडच्या रस्त्यावर लोकांच्या शिव्या खात शिकण्याची हौस नाही. तरीही हायब्रिड गाड्यांना मोबाइलवरच्या व्हिडिओंतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि सोसायटीच्या ग्रुपवरून जेवढी नावं ठेवली जातात, तेवढी सगळी मला तोंडपाठ आहेत. माणूस भलत्याच विषयात तज्ज्ञ होतो तो असा, घरातल्या कुणाच्या तरी पायी.

बाबांच्या गाडीला जो नावं ठेवील तो आपला शत्रू, असे आमच्या घरात आधी दिवस होते. मग असे दिवस आले की त्या नावं ठेवणाऱ्यांचाच आधार वाटायला लागला. कारण तेव्हा घरात प्रश्न एकच होता आणि तो कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं: खोट गाडीत आहे की बाबांमध्ये?

बाबा वीज खात्यातले अभियंता. निवृत्त होऊनही अभियंताच राहिलेले. मिक्सर बिघडला तर दुकानात न्यायचा नाही, आधी बाबांनी उघडून बघायचा, असा आमच्याकडे नियम. पंचाहत्तरी झाल्यावर त्यांनी जुनी गाडी काढून हायब्रिड घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझा थोरला भाऊ बोरिवलीहून मुद्दाम विरोध करायला आला.

"या वयात नवी गाडी कशाला, बाबा? मोबाइलवरून टॅक्सी बोलवा ना. झकास दारात येते."

"या वयातच हवी," बाबा म्हणाले. "जुनीचा क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला माझा. हिला क्लचच नाही. आता माझा डावा पायसुद्धा रिटायर होऊ दे."

शिवाय आईचं कारण होतंच. आईला मणक्याचा जुना त्रास आहे. रिक्षातले धक्के तिला सोसत नाहीत, आणि अनोळखी ड्रायव्हरच्या मागे बसली की ती सगळा रस्ता अंग चोरून बसते. घाटकोपरला मावशीकडे, डॉक्टरकडे, लग्नाला, बारशाला, ती जाते ती बाबांच्या शेजारी बसून. बाबा गाडी चालवतायत तोवर आईला घराबाहेरचं जग आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांना तर जास्तच ठाऊक होतं.

गाडी आली त्या दिवशी खाली पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. मी नाहूरच्या माझ्या घरून मुलुंडला आले होते, पेढे माझ्याच हातात होते. गुरुजी म्हणाले, "हं, आता गाडी चालू करा." बाबा आत बसून म्हणाले, "चालूच आहे." गुरुजींनी कान दिला. "आवाज नाही आला." बाबा असे खूश झाले, जणू काही ती गाडी त्यांनीच बनवली होती. "हिला आवाज नसतो," ते म्हणाले आणि लिंबू चिरडून अलगद पुढे गेले. सगळे हसले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, भुताटकी आहे. पुढे कितीतरी दिवस ते "आवाज नाही आला" आणि "हिला आवाज नसतो" आमच्या घरात चाललं. कुकरची शिट्टी झाली नाही तरी कुणीतरी म्हणायचं, हिला आवाज नसतो.

बाबांनी ती गाडी सगळ्यांना समजावून सांगितली. वॉचमनला, दूधवाल्याला, मला तर किती वेळा. पेट्रोलचं इंजिन आहे आणि सोबत विजेची मोटर आहे. हळू चालायचं असलं की मोटर, जोर लावायचा असला की इंजिन. ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद बॅटरीत जमा होते, प्लगला जोडावं लागत नाही. "एलबीएस रोडवर गाडी चालते कुठे? उभीच असते. उभ्या गाडीनं पेट्रोल का प्यायचं, सांग बघू." मला पटायचं. मेट्रोच्या खांबांच्या कामात भांडुपपासून घाटकोपरपर्यंत ती गाडी मुंगीच्या पावलांनी जाताना आत इतकं शांत असायचं की मागे बसून मला झोप लागायची.

आणि मग ते व्हिडिओवाले.

एक पोरगा होता, मुंबईच्या उकाड्यात कातड्याचं जॅकेट घालणारा. तो कुठल्यातरी मोकळ्या रस्त्यावर, डोंगर मागे आणि समोर चिटपाखरू नाही अशा ठिकाणी, गाडी भन्नाट पळवायचा आणि मग तोंड वाकडं करून सांगायचा की मजा नाही आली. जोर लावला की इंजिन रडतं म्हणे. डिकी छोटी म्हणे, बॅटरीनं जागा खाल्ली. शेवटी पेट्रोलच पिते, मग पर्यावरणाच्या नावानं एवढा दिखावा कशाला? घ्यायची तर सरळ विजेवरची घ्या नाहीतर सरळ पेट्रोलवरची घ्या, हे मधलं लटकलेलं काय? दुसरा एक वर्तमानपत्रात लिहायचा. त्याचं मराठी चांगलं होतं, पण म्हणणं तेच.

बाबा प्रत्येकाला उत्तर द्यायचे. चष्मा कपाळावर ढकलून, एका बोटानं टाइप करत: "महोदय, आपण वाहन ज्या रस्त्यावर तपासले, त्या रस्त्यावर आपले किती प्रेक्षक दररोज प्रवास करतात, हे कळेल काय?" खाली लोक दात काढायचे. एकानं लिहिलं, काका, आता झोपा. मला इतका संताप आला की मी त्याला दोन शब्द सुनवायला निघाले होते, बाबांनी मोबाइल काढून घेतला. "जाऊ दे गं. मुद्द्यावर बोलत असता तर उत्तर दिलं असतं."

ती टीका रास्त होती का? मी सगळी ऐकली आहे म्हणून सांगते. अर्धी खरी होती. डिकी छोटीच आहे. माझ्या मुलीच्या सामानासकट ठाण्याला जायचं झालं तेव्हा एक बॅग मांडीवर घ्यावी लागली. चढावर इंजिन खरंच हंबरतं, हे बाबाही मान्य करायचे. आणि जाहिरातीत हिरवी पानं उडवत ही गाडी येते, जणू काही मागून धूर नाही तर प्राणवायू सोडते, ते पाहून मलाही चीड यायची. पण एक दिवस गाडी उसनी आणून तिचा निकाल लावायचा, तोही जिथे कुणी राहत नाही अशा रस्त्यावर, हे काही मला कधी पटलं नाही. मी विमा कंपनीत काम करते. दावे तपासते, दोष कुणाचा ते ठरवते. इतक्या घाईनं मी निकाल दिला तर मला घरी बसवतील.

त्या जॅकेटवाल्यानं एकदा एक गंमत म्हणून सांगितलं होतं. गाडी इतकी गप्प असते की आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना ती चालू आहे की बंद हेच कळणार नाही, असं म्हणून त्यानं मागे हशाचा आवाज टाकला होता. बाबा त्या दिवशी चिडले नाहीत. हसलेही नाहीत. त्यांनी व्हिडिओ बंद केला आणि आईला विचारलं, चहा ठेवतेस का?

आई-बाबांच्या सोसायटीत रविवारी सकाळी एक सोहळा असतो. पहिला चहा झाला की सगळे निवृत्त पुरुष बादली आणि फडकं घेऊन खाली उतरतात. गाडी पुसायची, मग स्टार्ट मारून ठेवायची, म्हणजे बॅटरी उतरत नाही. न्यायची कुठे नाही, नुसती चालू ठेवायची. पार्किंगमध्ये धूर साठतो, इंजिनं घरघरत राहतात, आणि हे सगळे आपापल्या गाडीत पेपर उघडून बसतात. घरात बसण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटत असावं. बाबांनी हे आयुष्यभर केलं, आधीच्या तिन्ही गाड्यांचं. हायब्रिडचंही करायचे. फक्त त्यांच्या गाडीची घरघर नसायची, रेडिओवरची जुनी गाणी तेवढी ऐकू यायची. तळमजल्यावरचे काका दर रविवारी काच ठोठावायचे. "काय हो, जागी आहे की झोपली?" बाबा आतून अंगठा दाखवायचे.

आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दिवस होता. दवाखाना घाटकोपरला. आई डोळ्यांत थेंब घालून, नवी साडी नेसून, आधीच घाबरलेली. मी रजा टाकून आले होते. आम्ही खाली गेलो, बाबांनी किल्लीचं बटण दाबलं आणि दार उघडलं नाही. पुन्हा दाबलं. मग किल्लीच्या पोटात लपलेली बारकी लोखंडी किल्ली काढून त्यांनी दार उघडलं, आत बसले, आणि गाडीनं हूं की चूं केलं नाही. समोरचा पडदा काळा. बाबा बटण दाबत राहिले. आई बाहेर माझा दंड धरून उभी होती.

"चालू झाली का हो?" तिनं विचारलं. नेहमी आवाज नसतो, त्यामुळे तिला खरंच कळत नव्हतं.

"नाही," बाबा म्हणाले.

शेवटी रिक्षा केली. आई मधे, मी एका बाजूला, बाबा दुसऱ्या. नाहूरचा पूल उतरल्यापासून घाटकोपरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला आई डोळे मिटून घ्यायची. बाबांच्या मांडीवर तिची पिशवी होती. ते सगळा वेळ बाहेर बघत होते, आणि त्यांची मान मी आधी कधी इतकी खाली गेलेली पाहिली नव्हती. मला त्यांचा राग येत होता, गाडीचा येत होता आणि कारण नसताना त्या रिक्षावाल्याचाही येत होता.

गाडीत बिघाड फार मोठा निघाला नाही. हायब्रिडला बॅटऱ्या दोन असतात. मोठीवर मोटर चालते. छोटी नेहमीच्या गाडीतल्यासारखीच, दिवे, कुलूप आणि गाडीला जाग आणणं एवढं तिचं काम. ती छोटी उतरली होती. मेकॅनिकनं दुसऱ्या गाडीला वायरी जोडून ती सुरू करून दिली, आणि नवीन बॅटरी बसवली. थोड्या दिवसांनी तीही उतरली. पुन्हा वायरी, पुन्हा तळमजल्यावरचे काका बघायला हजर. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्या जॅकेटवाल्याचा व्हिडिओ टाकला, हायब्रिड उभी ठेवाल तर पस्तावाल, असं काहीतरी नाव होतं. खाली अंगठ्यांची रांग.

आई सांगायला लागली की हल्ली गाडी एका बटणात निघतच नाही, कधी कधी बाबांना तीन-चारदा दाबावं लागतं. एसीही सुरुवातीला गरम हवाच फेकतो. दादानं बोरिवलीहून फोन केला. "मी काय म्हणत होतो? हा प्रॉब्लेम सगळ्यांनाच आहे, यार. मी आणखी दोन व्हिडिओ पाठवलेत, बघ. वाट लावलीय या गाड्यांनी लोकांची. कंपनीला धारेवर धरायला पाहिजे."

मी म्हटलं, बाबांना सांग. ते तुला सोडायचे नाहीत.

त्यानं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच होते. दादानं सगळी टीका वाचून दाखवावी तशी ऐकवली: भरवसा नाही, नाजूक आहे, शहरात उभी राहून खराब होते. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. आता ते चष्मा वर ढकलतील, आता म्हणतील, महोदय.

"बरोबर आहे त्या लोकांचं," बाबा म्हणाले. "मीच उगाच भांडत होतो. गाडीतच खोट आहे."

दादा खूश झाला. आई म्हणाली, जाऊ द्या, होतं असं. ज्या माणसानं साध्या मिक्सरच्या बाबतीतही कधी माघार घेतली नाही, बिघाड कुठे आहे ते शोधल्याशिवाय जो जेवायला उठला नाही, तो बॅटरी का उतरते हे न शोधता गाडीवर बोट ठेवून मोकळा झाला होता. दाव्यांचं काम करून करून एक सवय लागते. कुणी फार लवकर कबूल झालं की मी फाईल पुन्हा उघडते.

पुढच्या रविवारी मी सकाळीच मुलुंडला गेले. गरम बटाटेवडे नेले होते, म्हटलं, बाबा, गाडीतच खाऊ. त्यांना ते आवडलं. खाली सगळ्या गाड्या घरघरत होत्या. बाबांनी पुसून झाल्यावर दार उघडलं, मी शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर दिवे लागले, रेडिओ सुरू झाला, पंखा फिरला. ते मागे रेलून बसले.

मला गाडी चालवता येत नाही, पण ते सगळे व्हिडिओ मी बघितले होते. आधी उजवा पाय ब्रेकवर, मग बटण. मग कोपऱ्यात हिरव्या गाडीचं छोटं चित्र येतं. ते आलं तरच गाडी चालू. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर दिवे लागतात, रेडिओ लागतो, पंखासुद्धा फिरतो, पण गाडी बंदच असते, आणि ते सगळं त्या छोट्या बॅटरीचं रक्त पीत बसतं. हे मला सगळ्यात आधी बाबांनीच सांगितलं होतं, गाडी घेतल्याच्या आठवड्यात, हिरव्या चित्रावर बोट ठेवून. आता तिथे हिरवं काहीच नव्हतं. पंख्याची हवा माझ्या तोंडावर गरम येत होती.

"बाबा, ब्रेक?"

"कशाला? चालूच आहे. हिला आवाज नसतो." ते पूजेच्या दिवसासारखंच म्हणाले.

मी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय बाजूला पडलेला होता. डावा पाय हलत होता. ते डाव्या पायानं काहीतरी शोधत होते, चपलेचं टोक पुढे सरकवून, दाबून, पुन्हा मागे घेऊन. तिथे नुसती चटई होती. ते क्लच शोधत होते. या गाडीला क्लच नाही म्हणून त्यांनी ती घेतली होती, आणि रिटायर केलेला पाय पुन्हा कामावर आला होता.

रेडिओवर कुठलंसं गाणं चाललं होतं. मी वड्याचा कागद हातात घट्ट धरून बसले. बाबांनी माझ्या नजरेच्या रोखानं खाली पाहिलं. पाय थांबला. मग त्यांनी तो हातानं उचलून मागे घेतला, दुखऱ्या गुडघ्याला धरून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नेहमी नाही होत. चालवताना येतं लक्षात. बटण दाबल्यावर निघाली नाही की आठवतं, अरे, ब्रेक. रविवारी निघायचंच नसतं, मग कळत नाही." ते समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होते. "परवा नाक्यावर मला पुढचा रस्ता आठवेना. आपल्या मुलुंड चेकनाक्यावर. आईनं सांगितलं, डावीकडे घ्या, म्हणून घेतली. तिला वाटलं, मी ट्रॅफिक बघतोय."

मला रडू आलं. बाजूच्या गाडीत काका पेपर वाचत होते, म्हणून मी मान फिरवली नाही.

"हे बघ," बाबा म्हणाले, "गाडी विकून टाकू. ते मीही ठरवलंय. तुझ्या आईला घेऊन मी आता चालवणार नाही, तेवढी अक्कल शाबूत आहे. पण गाडी वाईट निघाली म्हणून विकली, असंच राहू दे. एवढे शिकलेले लोक बोंबलून सांगतायत ना, हायब्रिड वाईट? मग असू दे की वाईट. तुझ्या आईला हे कळलं तर ती पुन्हा कुठे निघायची नाही. मला राखत बसेल."

मी हो म्हटलं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. किल्ली त्यांच्या हातून काढून घ्यायची वेळ माझ्यावर येणार नव्हती. ज्यांना वर्षभर मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्या सगळ्यांनी मिळून आम्हाला एक बरं दिसणारं कारण आयतं दिलं होतं. बाबांनी हात पुढे करून बटण दाबलं. रेडिओ थांबला. बाहेर सगळ्यांची इंजिनं चालू होती.

ज्यांनी गाडी घेतली ते घाटकोपरचं जोडपं होतं. दोघंही तिशीतली; ती मानखुर्दला शिकवायला जाते, गाडी तीच चालवणार होती. दादानं बोरिवलीहून येऊन सगळं हातात घेतलं होतं. पार्किंगमध्ये ती दोघं गाडीभोवती फिरत होती, आई खुर्ची टाकून बसली होती, बाबा पायरीवर उभे होते. तळमजल्यावरचे काका होतेच.

"बॅटरीचा थोडा त्रास देते," दादा प्रामाणिकपणानं म्हणाला. "लपवत नाही. उभी राहिली की बंद पडते."

"तेच ना," तो तरुण म्हणाला. "सगळे हेच सांगतात. मी किती व्हिडिओ बघितलेत. हायब्रिड म्हणजे डोकेदुखी. हिला म्हणत होतो, नको घेऊ या." आणि त्यानं चाकाला पायानं हलकेच ढोसलं.

मी बाबांकडे बघितलं. ते पायरी उतरून खाली येत होते. गाडीजवळ येऊन त्यांनी ज्या चाकाला त्यानं पाय लावला होता, त्याच्यावरचा पत्रा हातानं पुसल्यासारखं केलं.

"गाडीत काही खोट नाही," ते म्हणाले.

"बाबा," मी म्हटलं.

"थांब गं. ते लोक चुकीचं सांगतायत, आणि तुम्ही ते ऐकून घेताय. ही गाडी आपणहून एकदाही बंद पडलेली नाही. मी ती चालू करायला विसरत होतो." बाबा त्या मुलीकडे वळले. "आधी ब्रेक दाबायचा. मग बटण. इथे कोपऱ्यात हिरवं चित्र येईल, ते येईपर्यंत थांबायचं. ते नसेल तर गाडी बंद आहे, रेडिओ कितीही वाजू दे. आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा, नुसती बसून राहू नका आत. डिकी छोटी आहे. चढावर ओरडते, घाबरायचं नाही. बाकी गुणी आहे गाडी. मला हल्ली विसरायला होतं. दोष माझ्यात आहे."

एकही शब्द चुकला नाही. गाडी घेतली त्या आठवड्यात मला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं. काका जमिनीकडे बघायला लागले. दादा माझ्याकडे बघत होता, आणि मी आईकडे. आई खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि त्या मुलीला म्हणाली, "वर या, चहा घेऊन जा. रस्त्यात आता खूप ट्रॅफिक लागेल तुम्हाला."

चहा झाला. कागदांवर सह्या झाल्या. किल्ली बाबांनीच दिली. ती मुलगी आत बसली, तिनं ब्रेक दाबला, बटण दाबलं, हिरवं चित्र आलं असावं, कारण तिनं बाबांकडे बघून मान हलवली. बाबांनी अंगठा दाखवला. गाडी मागे आली, वळली आणि गेटातून बाहेर पडली. दादा आईला धरून जिन्याकडे गेला. काकाही आत गेले.

बाबा पायरीवरच उभे होते, गेटाकडे तोंड करून, ऐकत असल्यासारखे. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. पार्किंगमध्ये त्यांची जागा रिकामी होती, मधोमध पाण्याचा ओला डाग.

"कधी निघणार ते?" त्यांनी विचारलं.

"गेले, बाबा."

त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आवाज नाही आला."

"हिला आवाज नसतो," मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरून त्यांना वर घेऊन गेले.